सिक रिपोर्ट

आमच्या आळीत एक निवृत्त सुभेदार राहतात. साताऱ्याकडील अनेक घराण्यांप्रमाणे त्यांच्याही घरी फौजेची चाकरी तीन पिढ्यांची. पहाटे पाचाला दाढी करून, बुटांना पॉलिश चढवून ते असे बाहेर पडतात की, जणू हजेरीचा बिगुल आता वाजणारच आहे. परंतु गणपतीत फटाक्यांची माळ लागली की हा ताठ मनुष्य भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, लग्नाच्या पंगतीत दाराकडे पाठ करून कधी बसत नाही आणि रात्री दोन-तीनदा उठून कड्या तपासतो, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असूनही तिचा उच्चार कोणी करीत नसे. ‘वयाप्रमाणे झोप कमी व्हायचीच,’ एवढीच त्यांची कैफियत. आणि त्या झोपेवरचा तोडगा फौजी कॅन्टीनच्या बाटलीत सवलतीच्या दराने मिळत असल्यामुळे डॉक्टरांची पायरी चढण्याची वेळ येत नसे.

हे दुखणे जुने आहे. नावे तेवढी बदलत गेली. पहिल्या महायुद्धात साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे ४६ जवान कामी आले आणि त्यांची स्मृती गावाने जतन केली आहे. परतलेल्यांच्या मोडलेल्या झोपेसाठी मात्र शिलालेख नसतो. त्याच युद्धात, १९१५ साली, चार्ल्स मायर्स या ब्रिटिश वैद्यकाने ‘लॅन्सेट’मध्ये लिहिताना ‘शेल शॉक’ हा शब्द वापरला. पुढे व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांनी आणि त्यांची बाजू घेणाऱ्या डॉक्टरांनी नेट लावल्यावर, १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत ‘पीटीएसडी’ म्हणजे आघातोत्तर तणाव-विकार दाखल झाला. घडून गेलेला प्रसंग स्वप्नात पुनःपुन्हा घडणे, लहानशा आवाजाने दचकणे, आठवण करून देणाऱ्या जागा व माणसे टाळणे, चटकन भडकणे, घरच्यांत असून नसल्यासारखे वाटणे, ही त्याची लक्षणे. प्रत्येक सैनिकाला तो होतो असे मुळीच नाही. परंतु ज्याला होतो त्याला, ती आठवण जाणत्याच्या सोबतीने हळूहळू उलगडणाऱ्या संवाद-उपचाराने आणि गरजेप्रमाणे औषधांनी, पुष्कळ आराम पडू शकतो.

मग उपचार असताना सैनिक जात का नाही? ‘लोक वेडा म्हणतील’ हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. आपल्या सैन्यात प्रकृतीची प्रतवारी ‘शेप’ या पाच इंग्रजी अक्षरांवर होते; त्यातील पहिलेच अक्षर मनःस्थितीचे असून ऐकणे, हातपाय, शारीरिक क्षमता आणि दृष्टी ही त्यानंतर येतात. ‘शेप-वन’ ही अव्वल प्रत ढळली की बढतीला आणि नेमणुकीला बाधा येण्याची धास्ती असते. तेव्हा मनाची तक्रार ओठांवर येऊ न देणे हा नोकरीतला भ्याडपणा नसून व्यवहार असतो. पंधरा-वीस वर्षे अंगी मुरलेला तो व्यवहार पेन्शनीवर आल्यावरही सुटत नाही. वास्तविक आता प्रतवारी राहिलेली नसते, आणि मनाचा उपचार घेतल्याने सेवेचे निवृत्तिवेतनही थांबत नाही. परंतु भीतीचे कारण बरखास्त झाले तरी भीती तैनातच राहते. म्हणूनच माजी सैनिकाला उद्देशून काढलेल्या आवाहनाने प्रथम ही भीती फेडावी, नंतर लक्षणांची यादी वाचावी.

अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने २०११ मध्ये ‘मेक द कनेक्शन’ नावाची मोहीम सुरू केली, तिचे मर्म या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. तीत नट नाहीत आणि उपदेशही बेताचाच. निरनिराळ्या युद्धांत लढलेले खरे सैनिक कॅमेऱ्यासमोर बसून, आपले काय बिनसले, बायकोने काय म्हटले आणि पहिल्यांदा दवाखान्यात कसे गेलो, हे आपल्या तोंडाने सांगतात. ऐकणाऱ्याला आपल्याच दलाचा, आपल्याच काळातला माणूस निवडता येतो. डॉक्टर सांगतो तेव्हा तो सल्ला असतो; पलटणीचा माणूस सांगतो तेव्हा ती साक्ष असते.

आपल्याकडे सोयींची तजवीज अगदीच नाही असे नाही. माजी सैनिकांची ईसीएचएस ही आरोग्ययोजना १ एप्रिल २००३ पासून चालू आहे, ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी-सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून अहोरात्र, मराठीतूनही, उपलब्ध आहे, आणि पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात १ डिसेंबर २०२३ रोजी याच सेवेचा सैन्यदलांसाठी स्वतंत्र कक्ष उघडला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाच्या माहितीची गुप्तता हा त्याचा हक्क ठरविला आहे. ही वार्ता मात्र जिथे फौजी सापडतो तिथे, म्हणजे कॅन्टीनच्या रांगेत, नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी जमलेल्या मंडळींत, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या मेळाव्यात, त्याच्या बोलीत आणि त्याच्या पत्नीच्याही कानी पडली पाहिजे. कारण रात्री कोण उठते हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

सुभेदारांच्या बाबतीत हे काम कोणत्याच फलकाने केले नाही. गेल्या वर्षी पलटणीच्या मेळाव्यात, पूर्वी त्यांच्या हाताखाली असलेला एक हवालदार चहाचा कप हाती देताना सहज म्हणाला, “साहेब, मी दोन वर्षं गोळ्या घेतोय. झोप लागते आता.” सुभेदार काही बोलले नाहीत. चार दिवसांनी सकाळी मला हाक मारून म्हणाले, “गाडी काढ. सिक रिपोर्ट करायचाय.” पलटणीत ताप भरला की जवानाने हजेरीलाच आजारी असल्याचे सांगून डॉक्टरकडे जायचे, हा तिथला शिरस्ता, त्यात लाज कसली? पॉलिक्लिनिकच्या खिडकीशी कारकुनाने मान वर न करता विचारले, “तक्रार काय?” सुभेदारांनी टाचा जुळविल्या. “झोप,” ते म्हणाले, आणि क्षणभर थांबून, जरा हळू आवाजात, “आणि फटाके.”