तबकडीवर चालणारे हात

१९८२ साली ‘चेंज द बीट’ नावाची एक रेकॉर्ड निघाली. तिच्या एका बाजूला न्यूयॉर्कचा फॅब फाइव्ह फ्रेडी होता, तर दुसऱ्या बाजूला बिसाइड या नावाने फ्रेंचमध्ये रॅप करणारी एक बाई. ते गाणं आज फारसं कोणी आवर्जून ऐकत नाही. पण दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी, यंत्रातून काढलेल्या घोगऱ्या आवाजात कोणीतरी एक शेरा मारतं आणि त्यातला ‘फ्रेश’ हा शब्द जगभरचे डीजे तेव्हापासून आजवर सुईखाली पुढेमागे घासत, म्हणजे स्क्रॅच करत, आले आहेत. हर्बी हॅनकॉकच्या ‘रॉकिट’मध्ये १९८३ साली जी खरखर गाजली, तीही याच रेकॉर्डमधली. ही रेकॉर्ड काढणारी सेल्युलॉइड ही कंपनी मूळची पॅरिसची.

फ्रान्सचं नाचाचं संगीत म्हटलं की हेल्मेट घातलेले डाफ्ट पंक आठवतात आणि त्यांच्यासोबत हाउस संगीताचा तो सरळ, न चुकणारा ठोका. त्याच देशात दुसरी एक वाटही आहे. फंकी ब्रेकबीट किंवा न्यू-फंक या नावाने ती ओळखली जाते. नाव हाउसने कमावलं असेल, पण हाताची करामत ऐकायची तर या वाटेनेच जावं लागतं.

‘ब्रेक’ म्हणजे काय, ते आधी पाहू. साठ-सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन फंक गाण्यांत मध्येच एक जागा येई, जिथे बाकीची वाद्यं थांबत आणि ड्रमवाला एकटा वाजवत राही. नाचणारी पोरं त्या जागेचीच वाट पाहतात, हे न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात पार्ट्यांना गाणी लावणाऱ्या कूल हर्कने १९७३ च्या सुमारास हेरलं. मग तो एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्ड शेजारी-शेजारी ठेवून तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवू लागला. द विन्स्टन्स या बँडच्या १९६९ च्या ‘आमेन, ब्रदर’मधला असा तुकडा जेमतेम सहा-सात सेकंदांचा आहे. त्यावर पुढे हजारो गाणी उभी राहिली.

हाउसमध्ये बास ड्रम प्रत्येक मात्रेवर इमानेइतबारे पडतो. ब्रेकबीटमध्ये तो हुलकावणी देतो. स्नेअर ड्रम आपल्या जागेवर खणखणीत वाजतो, पण बास ड्रम अपेक्षेच्या जरा आधी किंवा नंतर येतो आणि मधल्या फटींत कानाला जेमतेम कळतील असे हलके ठोके भरलेले असतात. लावणीतली ढोलकी ठेका सांभाळूनही जशी सरळ चालत नाही, तसंच काहीसं. न्यू-फंकची लयही हाउसपेक्षा संथ, मिनिटाला साधारण १०० ते ११५ ठोक्यांची. त्यामुळे अंगाला झुलायला जागा मिळते.

ब्रेकवर उभं राहिलेलं हिप-हॉप फ्रान्समध्ये पोचलं ते नोव्हेंबर १९८२ मध्ये. आफ्रिका बंबाटा, ग्रँडमिक्सर डीएसटी, रॉक स्टेडी क्रूचे नर्तक अशी मंडळी युरोप-१ या रेडिओ केंद्राच्या पाठबळावर दौऱ्यावर आली होती. १९८४ साली तर टीएफ-१ या वाहिनीवर सिडनी नावाच्या निवेदकाचा हिप-हॉपला वाहिलेला साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला. तो वर्षभरही टिकला नाही, पण त्यातून एक पिढी बिघडली, म्हणजे चांगल्या अर्थाने.

त्याचं फळ दिसलं ते डीएमसीच्या जागतिक डीजे स्पर्धेत. सांघिक गटात २००२ साली पॅरिसचा बर्डी नाम नाम हा चौघांचा संघ जिंकला. या संघाचं नाव ‘द पार्टी’ या १९६८ च्या चित्रपटातून आलं आहे, ज्यात पीटर सेलर्सने चेहरा रंगवून एक गोंधळ्या भारतीय नट साकारला होता. आज तो प्रकार बघताना आपल्याला अवघडल्यासारखं होतं, नाव मात्र चिकटून राहिलं. मग २००३ ते २००६ अशी सलग चार वर्षं नांत शहरातल्या सी-टू-सी या चौकडीने तेच विजेतेपद पटकावलं.

हे संघ गाणी नुसती लावत नसत. एकाच्या रेकॉर्डवर ड्रमचे सुटे ठोके, दुसऱ्याच्या बासचा एखादा स्वर, तिसऱ्याच्या ट्रंपेटची फुंकर. डाव्या हाताने तबकडीचा वेग वरखाली करून स्वर बदलायचा, उजव्या हाताने क्रॉसफेडर ही आवाजाची सरकपट्टी उघडझाप करून तो तोडायचा. बँडमध्ये असतात तशा प्रत्येकाच्या जबाबदाऱ्या ठरलेल्या. टर्नटेबल हे वाद्य आहे की नाही, हा वाद यांना ऐकल्यावर फार वेळ चालत नाही.

सी-टू-सीचा ‘टेट्रा’ हा आल्बम २०१२ साली आला. त्यातलं ‘डाउन द रोड’ म्हणजे या शैलीचा नमुनाच. जुन्या ब्लूजचा गळा, माउथ ऑर्गनची धून, खाली दणकट ब्रेक आणि या सगळ्याला मध्येच कातरत जाणारं स्क्रॅचिंग. आल्बममधली काही संथ गाणी रेंगाळतात, हे खरं. पण ‘हॅपी’मध्ये डेरेक मार्टिन या बुजुर्ग अमेरिकन सोल गायकाचा आवाज येतो, तेव्हा उसना तुकडा आणि जिवंत माणूस यांतला फरक लगेच कळतो. २०१३ च्या ‘व्हिक्तुआर द ला म्युझिक’ या फ्रान्सच्या मानाच्या सोहळ्यात या चौघांनी चार पुरस्कार नेले.

दक्षिणेकडे एक्स-आँ-प्रोव्हाँसमध्ये २००४ साली जमलेल्या चायनीज मॅन या गटाने वेगळा मार्ग धरला. त्यांनी स्वतःचीच कंपनी काढली आणि फंकमध्ये जुना जॅझ, रेगे, जे हाती लागेल ते मिसळलं. ‘आयव्ह गॉट दॅट ट्यून’ हे त्यांचं गाणं गटाच्या नावापेक्षाही लांब पोचलं.

या शैलीत आळशीपणाही भरपूर आहे. गाजलेल्या सोल गाण्याखाली नवा जाड बास सरकवायचा आणि त्याला रिमिक्स म्हणायचं, असे ढीगभर ट्रॅक दर महिन्याला निघतात. ऐकताना पाय हलतात, पण घरी येईपर्यंत गाणं विसरलेलं असतं.

शिवाय पैशाचा प्रश्न आहेच. जेम्स ब्राऊनच्या ‘फंकी ड्रमर’मध्ये तो जगप्रसिद्ध तुकडा वाजवणारा क्लाइड स्टबलफील्ड २०१७ साली वारला, पण गीतकार म्हणून श्रेय ब्राऊनचंच राहिलं. ‘आमेन’चा ड्रमवाला ग्रेगरी कोलमन २००६ मध्ये गेला, त्या सहा-सात सेकंदांचं मानधन त्याला कधी मिळालं नाही. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एका न्यायालयाने परवानगीशिवाय दुसऱ्याच्या गाण्याचा तुकडा, म्हणजे सॅम्पल, वापरणाऱ्यांना चाप लावला, तेव्हापासून निर्मात्यांना दोनच रस्ते उरले: हक्कांसाठी पैसे मोजा, नाहीतर वादक बोलवून स्वतःच नवा ‘जुना’ तुकडा वाजवून घ्या.

सी-टू-सीतल्या २०सिलने तर आणखी हात मोकळे करून घेतले. आधी २०१४ साली ‘मोटिफ्स’ हा छोटा संच त्याने एकट्याने काढला, मग मिस्टर जे. मेदेरोस या अमेरिकन रॅपरसोबत ऑल्टा ही जोडी जमवून २०१७ मध्ये ‘द अप्पर हँड’ हा आल्बम. यात स्क्रॅचिंग कमी आहे आणि सिंथेसायझर जास्त, पण बास ड्रम अजूनही आपल्या जागेवर वेळेत येत नाही.