साडेतीन लाख वॉटचा आवाज

लग्नाच्या मांडवात शंभर वॉटचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आला की सगळ्या आळीला गाणी ऐकू जात. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या मेसन इथं १९३४ साली जो अ‍ॅम्प्लिफायर उभा राहिला, त्याची ताकद साडेतीन लाख वॉटच्या घरात होती. त्याला कर्णा मात्र एकही जोडलेला नव्हता.

हे यंत्र सिनसिनाटीच्या डब्ल्यूएलडब्ल्यू या रेडिओ केंद्राचं. केंद्राचे मालक पॉवेल क्रॉस्ली स्वस्त रेडिओ बनवून विकत. स्वस्त संचाला क्षीण लहर पकडता येत नाही. मग प्रक्षेपणच इतकं दांडगं करावं की साध्यातला साधा संचही बोलू लागेल, हा त्यांचा सरळ हिशेब. २ मे १९३४ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी व्हाइट हाउसमधून सोन्याची कळ दाबली आणि ७०० किलोहर्ट्झवर ५०० किलोवॉटचं प्रक्षेपण रीतसर सुरू झालं. देशातल्या इतर बड्या केंद्रांची मर्यादा होती ५० किलोवॉट.

मग आवाजाला एवढी ताकद कशाला? मध्यम लहरींच्या प्रक्षेपणात वाहक लहर एकसारखी चालू असते. आवाजाबरहुकूम तिची उंची कमी-जास्त केली की गाणं तिच्यावर चढतं. हे पुरेपूर साधायचं, तर प्रक्षेपकाच्या शेवटच्या टप्प्याला जितकी वीज लागते, तिच्या निम्मी शक्ती निव्वळ ध्वनीच्या रूपात द्यावी लागते. ५०० किलोवॉट हवेत सोडायला त्या टप्प्यात सुमारे ७०० किलोवॉट ओतावे लागत. ध्वनीच्या वाट्याला आले साडेतीनशे.

ते काम १०० किलोवॉट क्षमतेचे आठ व्हॉल्व्ह करत. निम्मे ध्वनिलहरीचा वरचा भाग उचलत, निम्मे खालचा. त्यांच्यावर सुमारे १२,००० व्होल्टचा दाब असे, आणि नुसतं फिलामेंट तापवायलाच प्रत्येकाला काही किलोवॉट लागत. हा ध्वनी शेवटच्या टप्प्याकडे पोचवणारे ट्रान्सफॉर्मर तर त्याहून अवघड. ढोलाचा खर्ज एवढ्या ताकदीनं न बिघडता पार न्यायचा म्हणजे लोखंडाचा गाभा अवाढव्य हवा. म्हणून ते तेलात बुडवलेले, टनांच्या वजनाचे होते. व्हॉल्व्हभोवती शुद्ध केलेलं पाणी खेळवत, कारण साध्या पाण्यातून वीज वाहून गेली असती. त्या पाण्याची उष्णता इमारतीसमोरच्या कारंज्यांच्या तलावात सोडली जाई. संगीत स्वच्छ राहावं म्हणून घेतलेली ही मेहनत अभियांत्रिकीतल्या थोर कामांत मोजावी अशीच आहे.

कॅनडात टोरोंटोच्या केंद्राला या लहरीचा त्रास होऊ लागला, तेव्हा रात्री त्या दिशेची शक्ती रोखण्यासाठी जादा मनोरे उभारावे लागले. एकाच केंद्राच्या हाती इतका मोठा आवाज असावा का, यावर देशात वाद पेटला. १ मार्च १९३९ रोजी डब्ल्यूएलडब्ल्यू पुन्हा ५० किलोवॉटवर आलं.

व्हॉल्व्हच्या मोठ्या ध्वनिशक्तीला पुढे दुसरं काम मिळालं. क्षेपणास्त्रांचे भाग उड्डाणातली थरथर सोसतील का, हे पाहण्यासाठी त्यांना कंपनमंचावर बसवून हलवत. हा मंच म्हणजे पडद्याऐवजी जाड धातूचं टेबल हलवणारा लाउडस्पीकरच. लिंग इलेक्ट्रॉनिक्ससारख्या कंपन्या त्यासाठी अ‍ॅम्प्लिफायर बनवत.

मैफलीतले व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर याच्यापुढे लहानच. १९६९ च्या वुडस्टॉक संगीत महोत्सवात वापरलेला मॅकिंटॉशचा एमसी ३५०० हा ३५० वॉटचा. त्याच वर्षी आलेला अ‍ॅम्पेगचा एसव्हीटी ३०० वॉटचा. बास गिटारवाल्यांनी तो उचलून धरला आणि आजही ते त्यासाठी पदरचे पैसे मोजतात.