कढीपत्त्यावरची अळी

मुलांनो, आपल्या सोलापूरजवळ नान्नजला माळढोक अभयारण्य आहे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. १९७९ साली ते जाहीर झाले. आज मात्र तिथेही माळढोक क्वचितच दिसतो. "बाई, एवढा मोठा पक्षी आम्ही कसा वाचवणार?" असं वर्गातली मुलं विचारतात. पण अंगणातले लहान जीव तर आपण सांभाळू शकतो ना?

आधी माझीच चूक सांगते. एका वर्षी आमच्या कढीपत्त्याची पानं कुरतडलेली दिसली. जवळ जाऊन पाहिलं, तर काळ्या-पांढऱ्या अळ्या! मी लगेच औषध फवारलं. अळ्या मेल्या. पण फोडणीत टाकायची पानं विषारी झाली, आणि त्या पावसाळ्यात अंगणात फुलपाखरूही फिरकलं नाही.

त्या अळ्या फुलपाखराच्याच होत्या, बरं का! लिंबू आणि कढीपत्त्यावर काही फुलपाखरं अंडी घालतात. लहानपणी त्यांची अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पक्षी फसतात. मोठेपणी ती हिरवी होते, पानांत लपून जाते. तिला डिवचलं, तर डोक्यामागून दोन फाट्यांचं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. पुढे ती कोष करते आणि त्यातून फुलपाखरू निघतं.

आणखी एक गंमत. चिमणी स्वतः दाणे टिपते, पण पिल्लांना मात्र अळ्या-किडे भरवते. म्हणजे आपण अळी मारली, की पिल्लांच्या तोंडचा घासही जातो.

मग काय करायचं? अंगण नसेल, तर गच्चीत जुन्या डब्याला खाली भोकं पाडून कढीपत्ता लावा. तांदूळ धुतलेलं पाणी त्याला घाला. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सावलीत मातीचं पसरट भांडं पाण्याने भरून ठेवा. आत एक दगड ठेवा, म्हणजे मधमाशी बुडणार नाही. पाणी रोज बदला, नाहीतर डास होतील. जुनं पाणी झाडाला घाला.

आणि पालकहो, चार पानं कुरतडली, तर रागावू नका. मुलांच्या हाती एक वही द्या. अळी कधी दिसली, कोष कधी झाला, फुलपाखरू कधी उडालं, त्याच्या तारखा त्यांना लिहू द्या.

मी आता फवारणी सोडली आहे. आमचा कढीपत्ता थोडा कुरतडलेला असतो. पण फोडणीला पुरतो!