यादीतली चूक भाषेची नव्हे

मोबाइल अ‍ॅपमधली किराणा मालाची हजार ओळींची यादी. तिसऱ्या ओळीत गुळासमोर ‘५’ लिहिले, यादी खाली सरकवली आणि तेच ‘५’ पंधराव्या ओळीत साबणासमोर दिसले. असे झाले की एक वाक्य हमखास कानावर येते: ‘जावा ही भाषाच कुचकामी आहे, कोटलिनमध्ये लिहा, स्विफ्टमध्ये लिहा.’ हा गैरसमज मोडून काढायलाच हवा, कारण त्याच्यापायी लोक भाषा बदलतात आणि चूक जिथल्या तिथे राहते.

वस्तुस्थिती अशी. पडद्यावर एका वेळी दहा-बारा ओळीच मावतात आणि सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर प्रत्येकासाठी जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. म्हणून हजार ओळी रचून ठेवत नाहीत. वर सरकून दिसेनाशी झालेली ओळ खाली आणून तिच्यात नवा मजकूर भरतात. आयफोनचा यूआयटेबलव्ह्यू २००८ पासून हेच करतो, अँड्रॉइडचा जुना लिस्टव्ह्यू आणि २०१४ चा रिसायकलरव्ह्यूही हेच करतात. वापरणाऱ्याने लिहिलेले ‘५’ मूळ विदेत न नोंदवता ओळीच्या चौकटीतच राहू दिले, तर चौकट जिथे जाईल तिथे ते जाणारच. त्याहून घातक प्रकार म्हणजे चौकटीला जुन्या वस्तूचा टेक्स्टवॉचर (मजकूर बदलताच चालणारा कोड) चिकटून राहणे: नवा मजकूर भरताच तो जागा होतो आणि गुळाच्या नोंदीत साबणाचा आकडा लिहितो. हे जावात घडते, तसेच कोटलिनमध्येही घडते.

भाषा दोषी नाही याचा पुरावा खुद्द जावातच आहे. १९९८ मध्ये जावा १.२ बरोबर आलेल्या स्विंग या इंटरफेस-संचातला जेटेबल एकच चित्रक (रेंडरर) शिक्क्यासारखा प्रत्येक घरावर उमटवतो, आणि संपादक (एडिटर) फक्त ज्या घरात लिहायचे आहे तिथेच उभा करतो. लिहून झाले की लिहिलेले मूल्य मॉडेलकडे, म्हणजे मूळ विदेकडे, जाते. चौकटीत काही उरतच नाही, तर ते भलतीकडे दिसेल कुठून? भाषा तीच, पद्धत वेगळी, म्हणून परिणाम वेगळा.

यावर आक्षेप येतो की नव्या घोषणात्मक (डिक्लेरेटिव्ह) पद्धतींत हा प्रश्नच उरत नाही. उरतो, फक्त रूप बदलते. अँड्रॉइडच्या जेटपॅक कंपोजमधल्या लेझीकॉलममध्ये ‘की’ (नोंदीची ओळख) दिली नाही तर ओळीची स्थिती तिच्या क्रमांकाशी बांधली जाते. वर एक वस्तू घातली की सगळे सरकते. रिअ‍ॅक्टच्या अधिकृत दस्तऐवजातही क्रमांकाला ‘की’ करू नका असा इशारा आहे. स्विफ्टयूआयमध्ये मजकुरालाच ओळख केले, तर प्रत्येक अक्षरागणिक ओळख बदलते आणि कळफलकाचा ताबा सुटतो. ओळख ना जागेवरून ठरावी, ना मजकुरावरून. प्रत्येक नोंदीला स्वतःचा कायम क्रमांक हवा. भाषेचे महत्त्व मी नाकारत नाही. काटेकोर प्रकारव्यवस्था पुष्कळ चुका आधीच पकडते. पण ‘हा गूळ आणि तो साबण’ हे कोणतीही भाषा आपणहून ओळखत नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘आता मेमरी भरपूर आहे, सगळ्या ओळी एकदम रचा’: अडचण मेमरीइतकीच वेळेची आहे, आणि १२० हर्ट्झच्या पडद्यावर प्रत्येक चित्राचा वेळ ८.३ मिलिसेकंदांवर येतो. ‘बदल झाला की सगळी यादी ताजी करा’: नको, अँड्रॉइडचा डिफयुटिल मायर्सच्या अल्गोरिदमने नेमका फरक काढून देतो. ‘सरकणारी प्रत्येक यादी संपादनक्षम असतेच’: नाही, स्विंगच्या जेलिस्टमध्ये संपादनाची सोयच नाही.

तेव्हा भाषा बदलण्याआधी दोनच गोष्टी तपासा: लिहिलेला शब्द मूळ विदेत पोहोचतो का, आणि प्रत्येक नोंदीला कायमची ओळख आहे का. या दोन्ही असतील तर यादी कोणत्याही भाषेत नीट चालते. नसतील तर कोणतीच भाषा तिला वाचवू शकत नाही.