मुंबई-अलिबागहून परतल्यावर ताप आला, तर तो डेंग्यूच का?



तिशरीचे सण आटोपले की आपल्यापैकी बरेच जण मुंबई-अलिबागची तिकिटं काढतात. आप्तांना भेटावं, जुनं गाव बघावं, खंडाळ्याला एलियाहू हानबीच्या टाप्याला जाऊन यावं. हे सगळं व्हायलाच हवं. पण नेमके तेच दिवस तिथे पाऊस सरून डेंग्यू वाढण्याचे असतात. परत आल्यावर कुणाला ताप भरला, की एक शेजारीण म्हणते, "डेंग्यूच असणार!" दुसरी म्हणते, "विमानातली सर्दी आहे, सूप पी आणि झोप." मी निवृत्त परिचारिका असल्यामुळे दोघींचेही फोन मलाच येतात. म्हणून आज एकच प्रश्न घेते : ताप आलेल्या शंभर माणसांत डेंग्यूचे किती?

हे शंभर जण कुठून गोळा केले, त्यावर उत्तर बदलतं. परदेशातून आजारी होऊन परतलेल्या सुमारे २५ हजार प्रवाशांच्या १९९७ ते २००६ या काळातल्या नोंदी जगभरच्या प्रवासी-आरोग्य केंद्रांनी तपासल्या. त्यांच्यापैकी जे तापासाठी आले, त्यांत मलेरिया २१ टक्के निघाला आणि डेंग्यू फक्त ६ टक्के. २२ टक्के लोकांच्या तापाचं नेमकं कारण सापडलंच नाही. उलट भारतातल्या अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात डेंग्यूचा संशय आलेल्या रोग्यांपैकी सुमारे ३८ टक्क्यांना तपासणीत खरोखर डेंग्यू निघाला.

६ आणि ३८, दोन्ही आकडे खरे आहेत. सगळ्या मासळी बाजारातल्या पाट्यांत पापलेट किती, हा एक हिशेब. आणि जिच्याकडे पापलेट मिळतं असं आपल्याला ठाऊक आहे, त्या कोळणीच्या पाटीत किती, हा दुसरा. पहिल्या आकड्यात सगळे देश आणि सगळे महिने आले. दुसऱ्यात डॉक्टरांनी आधीच वेगळे काढलेले रोगी आहेत. पण ३८ चा आकडा नीट बघा. डॉक्टरांना संशय आलेल्यांतही निम्म्याहून अधिक लोकांचा ताप डेंग्यूचा नव्हता. कोकणात पावसाळ्यानंतर मलेरिया, लेप्टो, टायफॉईड, चिकुनगुन्या हे सगळेच असतात. सुरुवातीचे एक-दोन दिवस हे ताप सारखेच दिसतात. अंगावरून ओळखणं अनुभवी डॉक्टरांनाही अवघड जातं. रक्त तपासावंच लागतं.

यात तारखांची मोठी मदत होते. डेंग्यूचा डास चावल्यापासून साधारण ४ ते १० दिवसांत ताप येतो, फार तर १४ दिवसांत. परतून तीन आठवडे झाल्यावर ताप आला, तर तो डेंग्यू असण्याची शक्यता फारच कमी. मलेरिया मात्र कित्येक आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही येतो, म्हणून तेव्हाही तपासणी हवीच. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एन.एस.१ ही तपासणी उपयोगी पडते, त्यानंतर आय.जी.एम. त्यामुळे कुपात खोलिमच्या डॉक्टरांना आधी हे सांगा : मी भारतात होतो, अमुक तारखेला परतलो, ताप अमुक दिवशी आला. आपण सांगितलं नाही, तर इथल्या डॉक्टरांच्या मनात डेंग्यू येईलच असं नाही.

आता आपल्या वयाच्या माणसांसाठी सर्वांत महत्त्वाचं. डेंग्यूत रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात आणि रक्तस्राव होऊ शकतो. आपल्यापैकी कितीतरी जण हृदयासाठी रोज कार्टिया किंवा मायक्रोपिरिन घेतात. ही अ‍ॅस्पिरिनच आहे. काही जण रक्त पातळ करणाऱ्या दुसऱ्या गोळ्या घेतात. त्या आपल्या मनाने बंद करू नका; पण ताप आला त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, चालू ठेवू की थांबवू? तापासाठी अकामोल घ्या, तीही सांगितलेल्या मात्रेतच. नुरोफेन, अ‍ॅडव्हिल या गोळ्या डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत घेऊ नका. माझ्या ओळखीच्या एका आजींनी सांधेदुखी समजून चार दिवस अशा गोळ्या घेतल्या आणि हिरड्यांतून रक्त आल्यावर त्यांना मियूनमध्ये न्यावं लागलं. त्या बऱ्या झाल्या, पण घरचे फार घाबरले होते.

दुसरी गोष्ट, डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे आहेत. एकदा एका प्रकारचा होऊन गेला आणि नंतर दुसऱ्या प्रकारचा झाला, तर तो जास्त गंभीर होण्याची भीती असते. भारतात २०१७-१८ मध्ये झालेल्या मोठ्या पाहणीत ५ ते ४५ वयाच्या जवळजवळ निम्म्या लोकांच्या रक्तात जुन्या डेंग्यूची खूण सापडली. लागण झालेल्या बहुतेकांना काही जाणवतही नाही. तेव्हा तिथे वाढलेल्या आपल्यालाही तो कधीतरी नकळत होऊन गेलेला असू शकतो.

तिसरी गोष्ट : ताप उतरला म्हणजे आजार गेला असं समजू नका. ताप उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तास सर्वांत जपण्याचे. पोटात जोराने दुखणं, सारख्या उलट्या, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त, काळी शौच, लघवी कमी होणं, फार मलूलपणा किंवा तगमग, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. मियून गाठा किंवा १०१ ला फोन करा. म्हातारपणी ताप फारसा चढतही नाही. माणूस नुसता गळून जातो, चक्कर येऊन पडतो. तेही लक्षणच समजा. डेंग्यूवर खास औषध नाही. पाणी, पेज, सूप थोडं थोडं घेत राहावं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारावं. पपईच्या पानांच्या रसावर विसंबून तपासणी टाळू नका.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी. म्हणून तिथे असताना रात्रीची मच्छरदाणी पुरत नाही. दिवसाही लांब बाह्यांचे कपडे घाला, उघड्या अंगाला डास पळवणारं मलम लावा. त्याच जातकुळीचा पट्टेरी डास, टायगर मच्छर, इस्राएलमध्येही २००२ पासून आहे. तापात असताना डासांपासून जपणं म्हणजे शेजाऱ्यांनाही जपणं. बाल्कनीतल्या कुंड्यांखालचं पाणी दर आठवड्याला ओतून टाका.

प्रवासाला निघण्यापूर्वी एका कागदावर आपल्या रोजच्या गोळ्यांची नावं लिहा, परतल्यावर त्याखाली गावांची नावं आणि परतीची तारीख लिहा, आणि तो कागद कुपात खोलिमच्या कार्डाबरोबर ठेवा. ताप चढला की आपल्याला नीट आठवत नाही आणि मुलांना सगळं ठाऊक नसतं.