भांड्याला भांडं लागतं तेव्हा

मैत्रिणींनो, घरात भांड्याला भांडं लागणारच, असं आपण सहज म्हणतो. कामाच्या ठिकाणी ते लागलं की मात्र आवाज गावभर जातो. बचत गट असो, शाळा असो की पतपेढी, खरी पंचाईत होते ती प्रमुखपदी बसलेल्या बाईची. गप्प बसली तर ‘हिला काही जमत नाही’ आणि बोलली तर ‘हिचा ओढा एकीकडेच’! तालुक्याच्या गावी आमच्या गटाचं मसाल्याचं छोटं युनिट आहे. त्याची अध्यक्ष म्हणून हे दोन्ही शेरे मी ऐकलेत.

एका उन्हाळ्यात, ऐन हंगामात, दुकानदाराने आमची चाळीस पाकिटं परत पाठवली. आत ओल धरून मसाल्याच्या गुठळ्या झाल्या होत्या. पॅकिंगच्या वहिनी म्हणाल्या, “मसाला गरमच येतो आमच्याकडे, आम्ही काय करणार?” भाजणी-कांडप सांभाळणाऱ्या काकू भडकल्या, “मग पसरून ठेवायला हात दुखतात का?” झालं! दोघींचं बोलणं बंद. आठवड्याभरात युनिटमध्ये दोन तट पडले, डबेसुद्धा वेगवेगळे उघडू लागले. काकू तर म्हणाल्या, “माझी बचत द्या, मी निघते.” बँकेचा हप्ता तोंडावर आणि मसाल्याचं प्रमाण काकूंच्या हातात!

मी दोघींना वेगवेगळं गाठलं. ‘चूक कुणाची?’ हा प्रश्न मुद्दाम टाळला. एवढंच म्हटलं, “त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं ते सांगा.” तेव्हा उलगडा झाला. काकूंच्या गल्लीत नळाला पाणी नऊला येतं. पाणी भरून त्या साडेदहाला पोचतात, म्हणून कांडप संपायला चार वाजतात. इकडे वहिनींची शेवटची एसटी साडेपाचची. मसाला गार होईपर्यंत थांबल्या तर घरी जायचं कसं? म्हणजे भांडण दोघींचं नव्हतंच, ते घड्याळाचं होतं!

मग दोघींना समोरासमोर बसवलं. एकीचं बोलणं पूर्ण होईपर्यंत दुसरीने मध्ये बोलायचं नाही आणि ‘तू नेहमीच अशी’ हे वाक्य बंद, एवढ्या दोनच अटी घातल्या. तोडगा वहिनींनीच सुचवला. आजचा मसाला परातींत पसरून, वर सुती कापड टाकून रात्रभर गार होऊ द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पॅक करायचा. कुणालाच माघार घ्यावी लागली नाही. चाळीस पाकिटांचा तोटा गटाच्या निधीतून भरायचं बैठकीत ठरलं आणि ते इतिवृत्तात लिहिलं गेलं.

मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकन विदुषीने 1925 मध्ये हेच सांगून ठेवलंय. वाद मिटवायच्या तीन वाटा असतात : एकाने दुसऱ्यावर कुरघोडी करायची, दोघांनी थोडं थोडं सोडायचं, किंवा दोघांचीही गरज भागेल असं तिसरंच काही शोधायचं. ग्रंथालयात एकाला खिडकी उघडी हवी होती आणि फॉलेटबाईंना बंद. त्याला हवा हवी होती, यांना अंगावर वारा नको होता. मग शेजारच्या खोलीतली खिडकी उघडली, प्रश्न मिटला!

अनुभवातून काही गोष्टी मी पाळते. कुणालाही चारचौघींत बोलायचं नाही. एकीची बाजू ऐकून मत बनवायचं नाही. एकीने विश्वासाने सांगितलेलं दुसरीच्या कानावर घालायचं नाही. जे ठरलं ते लिहायचं आणि पंधरा दिवसांनी ‘जमतंय का?’ असं विचारायचं. बचत गटाच्या पंचसूत्रीत नियमित बैठक आणि नियमित हिशेब-नोंदी आहेत, त्या उगीच नाहीत. तोंडी कारभारातच संशयाला जागा मिळते.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. सगळीच प्रकरणं समजुतीने मिटवायची नसतात. कुणी पुरुष सहकारी किंवा साहेब बाईला लैंगिक त्रास देत असेल, तर ‘जाऊ दे गं, सांभाळून घे’ म्हणणं हे नेतृत्व नव्हे. 2013 च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवीच. त्याहून लहान जागी काम करणारीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते. तक्रार लेखी, साधारणपणे तीन महिन्यांच्या आत द्यायची. समेट फक्त तिने स्वतः मागितला तरच, आणि तोही पैसे देऊन नाही. तिला लिहिता येत नसेल तर समितीने लेखी तक्रारीसाठी मदत करायची असते. अशा वेळी प्रमुख बाईने मध्यस्थ न होता तिच्यासोबत समितीपर्यंत जावं.

कुरबुर कुठली आणि अन्याय कुठला, हे ज्या बाईला ओळखता येतं, तिच्या शब्दाला आपोआप वजन येतं. खुर्ची मोठी असो की सतरंजीवरची जागा असो!