छायाचित्रकाराच्या वाटेवर प्रवेशपरीक्षा नसते

हैदराबादमधील नल्लकुंटा या वस्तीचे नाव दूरवर पोहोचले ते तेथील शिकवणीमुळे. गणिताचे शिक्षक चुक्का रामय्या यांनी येथे आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेसाठी वर्ग चालविले आणि त्या वर्गात बसता यावे म्हणूनही विद्यार्थ्यांना आधी एक परीक्षा द्यावी लागे. उस्मानिया विद्यापीठाचा परिसर जवळच असल्याने या भागाचा विद्यार्थ्यांशी संबंध जुना आहे. भविष्याची तयारी कशी करायची, याविषयी अशा वस्तीत फारसा संभ्रम नसतो. अभ्यासक्रम ठरलेला, प्रश्नपत्रिकेचे स्वरूप ठरलेले आणि निकालानंतरची वाटही बव्हंशी ठरलेली.

याच शहरात, मासाब टँक येथे, जवाहरलाल नेहरू वास्तुकला व ललितकला विद्यापीठात छायाचित्रण आणि दृश्यसंज्ञापन या विषयाचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. तेथे शिरतानाही परीक्षा द्यावी लागते. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यापुढे मात्र कोणतीच परीक्षा उभी नसते. वकिलाला सनद लागते, डॉक्टरला वैद्यक परिषदेची नोंदणी लागते. छायाचित्रकाराला यांपैकी काही लागत नाही. ज्याच्या हाती कॅमेरा, तो या व्यवसायात उतरू शकतो. परिणामी, पदवीधर जेथून सुरुवात करतो तेथेच एखाद्या स्टुडिओत चार वर्षे उमेदवारी केलेला त्याच्याच वयाचा तरुणही उभा असतो. ग्राहकांशी बोलणे, आगाऊ रक्कम घेणे आणि वेळेवर अल्बम देणे हे त्या तरुणाला आधीच अवगत असते. प्रकाश, रचना, छायाचित्रणाचा इतिहास हे पदवीधराला येते. पण छायाचित्राभोवतीचा व्यवहार त्याला सहसा कोणी शिकविलेला नसतो. पदवीनंतरची पहिली दोन-तीन वर्षे याच उणिवेपायी वाया जातात.

दीनदयाळांची कार्यपद्धती

हा व्यवहार कलेला कमीपणा आणत नाही, याचा दाखला हैदराबादच्याच इतिहासात आहे. राजा दीनदयाळ (१८४४-१९०५) हे रुरकीच्या थॉमसन महाविद्यालयात स्थापत्य अभियांत्रिकी शिकले आणि इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागले. तेथेच त्यांनी छायाचित्रणास आरंभ केला. पुढे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या आश्रयाने ते हैदराबादला आले. इंदूर, सिकंदराबाद आणि १८९६ नंतर मुंबई अशा तीन ठिकाणी त्यांचे स्टुडिओ होते. पडदानशीन स्त्रियांसाठी त्यांनी हैदराबादेत वेगळा स्टुडिओ उघडला आणि त्याचे काम एका इंग्रज बाईंकडे सोपविले. कोणता ग्राहक आपल्यापर्यंत येऊ शकत नाही आणि का, याचा विचार त्यामागे होता.

त्यांच्या काचेच्या निगेटिव्हांवर क्रमांक घातलेले असत. मागणी आली की त्या क्रमांकावरून प्रत काढून देता येई. ही शिस्त होती म्हणून स्टुडिओ चालला आणि ठेवाही मागे उरला. त्यांच्या २,८५७ निगेटिव्हांचा संग्रह १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने मिळविला. आजच्या विद्यार्थ्याने यातून घ्यायचा बोध साधा आहे. प्रत्येक कामाच्या मूळ फाइलींच्या तीन प्रती ठेवाव्यात, त्या दोन निरनिराळ्या माध्यमांवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर असावी. प्रत्येक फाइलीला दिनांक, ग्राहक आणि स्थळ यांची नोंद जोडावी. हार्ड डिस्क बिघडल्यावर ग्राहकाच्या लग्नाचा दिवस पुन्हा उभा करता येत नाही.

हक्क कोणाचा?

नवख्या छायाचित्रकाराचे सर्वांत मोठे नुकसान कायद्याच्या अज्ञानातून होते. आपण काढलेले छायाचित्र आपलेच, अशी त्याची समजूत असते. कॉपीराइट कायदा, १९५७ अन्वये छायाचित्र काढणारी व्यक्ती ही त्याची कर्ती मानली जाते, हे खरे. परंतु कर्ता आणि मालक हे नेहमी एकच नसतात. कलम १७ नुसार, कोणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राचा प्रथम मालक तो मोबदला देणारा ग्राहक असतो. उलट करार झालेला असेल तरच हे चित्र बदलते. नोकरीत राहून केलेल्या कामाचा हक्कही, वेगळा करार नसेल तर, सामान्यतः मालकाकडे जातो. मोबदल्याशिवाय, स्वतःच्या प्रेरणेने काढलेल्या छायाचित्राचा हक्क मात्र काढणाऱ्याकडे राहतो.

याचा अर्थ असा की, एखाद्या हॉटेलसाठी पैसे घेऊन काढलेली छायाचित्रे कराराविना दुसऱ्या कंपनीला विकता येत नाहीत. ती स्वतःच्या पोर्टफोलिओत दाखविण्यावरही आक्षेप येऊ शकतो. कलम ५७ मुळे कर्ता म्हणून नावाचा आग्रह धरता येतो. पण त्या अधिकाराने पुढच्या वापराचे पैसे मिळत नाहीत. हक्क लेखी करारानेच हस्तांतरित होतात. त्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता, असे कलम १९ सांगते.

म्हणून एका पानाचा करार पुरेसा असला तरी तो हवाच. किती छायाचित्रे, किती दिवसांत, कोणत्या वापरासाठी, किती काळासाठी, आगाऊ रक्कम किती, काम रद्द झाल्यास काय आणि पोर्टफोलिओत दाखविण्याची मुभा आहे की नाही, एवढ्या सात गोष्टी त्यात आल्या तरी बहुतेक वाद टळतात. छायाचित्रात ओळखू येणाऱ्या व्यक्तीचे जाहिरातीसाठी चित्र वापरायचे असेल तर तिचे वेगळे लेखी संमतिपत्र घ्यावे. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला आहे.

दिवसाचा दर कसा निघतो

दर ठरविताना नवखे छायाचित्रकार शेजारच्याचा दर विचारतात आणि त्याहून थोडा कमी सांगतात. ही पद्धत किती घातक आहे, हे एका उदाहरणाने समजेल. समजा, कॅमेरा, भिंगे आणि दिवे यांवर ३,६०,००० रुपये खर्च झाले आणि ही सामग्री ४ वर्षे टिकली. म्हणजे वर्षाला ९०,००० रुपये झिजले. प्रवास, संगणकप्रणाली, विमा, इंटरनेट आणि दुरुस्ती यांचे वर्षाला १,५०,००० रुपये धरले. दोन्हींची बेरीज २,४०,००० रुपये होते. वर्षात पैसे मिळतील असे चित्रीकरणाचे ६० दिवस मिळाले आणि दर दिवसाला ४,००० रुपये घेतले, तर मिळकतही नेमकी २,४०,००० रुपये. छायाचित्रकाराच्या हाती शून्य राहते. त्याला महिन्याला ३०,००० रुपये घरी न्यायचे असतील, तर वर्षाला ६,००,००० रुपये, म्हणजेच दिवसाला १०,००० रुपये मिळायला हवेत. साठ हा आकडा लहान वाटतो. पण प्रत्येक चित्रीकरणामागे निवड, संस्करण आणि ग्राहकाशी बोलणी यांचे दोन-तीन दिवस जातात.

पैसे ठरले तरी ते वेळेवर मिळतातच असे नाही. येथे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ उपयोगी पडतो. ‘उद्यम’ नोंदणी ऑनलाइन आणि विनामूल्य होते. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे देयक करारात ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करणे ग्राहक कंपनीवर बंधनकारक आहे. मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवसांत. विलंब झाल्यास व्याजाची तरतूद आहे. सेवाव्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. तेलंगण आणि गोवा या दोन्ही राज्यांना ही मर्यादा लागू आहे. कंपन्या देयकातून आयकर कापून घेतात; जास्त कापलेली रक्कम विवरणपत्र भरले तरच परत मिळते.

उमेदवारीचे मोल

पदवीनंतर लगेच स्वतःच्या नावाची पाटी लावण्याची घाई बहुधा महागात पडते. वृत्तपत्रांतील कायम नोकऱ्यांवर विसंबण्याचे दिवसही राहिलेले नाहीत. अमेरिकेतील ‘शिकागो सन-टाइम्स’ने २०१३ मध्ये आपला संपूर्ण छायाचित्रण विभाग एका दिवसात बंद केला होता. अशा वेळी एक-दोन वर्षे एखाद्या अनुभवी छायाचित्रकाराचा साहाय्यक म्हणून काम करणे हीच खरी पुढची शाळा ठरते. दिवे कोठे ठेवायचे हे महाविद्यालयातही कळते. नाराज ग्राहकाला कसे समजवायचे आणि पाऊस आला तर पर्यायी योजना काय, हे तेथे कळते.

पोर्टफोलिओही त्याच दृष्टीने घडवावा. चार वर्षांतील शंभर छायाचित्रे दाखविण्यापेक्षा एका क्षेत्रातील १५ ते २० छायाचित्रे अधिक बोलतात. खाद्यपदार्थांचे काम देणारा ग्राहक पक्ष्यांची छायाचित्रे पाहून निर्णय घेत नाही.

गोव्यासाठी

हे सारे गोव्यालाही तितकेच लागू आहे. पणजीच्या आल्तिनोवरील गोवा कला महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या तरुणांच्या दारात काम आहे. २००४ पासून येथे भरणारा इफ्फी, २०१६ पासूनचा सेरेंडिपिटी कला महोत्सव, हॉटेले आणि बाहेरून येणारे विवाहसोहळे या सर्वांना छायाचित्रकार लागतात. बाहेरचा विवाहसोहळा बहुधा मुंबई-दिल्लीचा चमू सोबत आणतो आणि स्थानिक तरुणाला त्यात दिवसाच्या मजुरीवर घेतो. ड्रोन चालविण्याचे काम स्थानिकाकडे येते, तेव्हा ‘ड्रोन नियम, २०२१’ पाहावे लागतात. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यवसायासाठी उडवायचा तर त्याची नोंदणी आणि चालकाचे प्रमाणपत्र लागते. शिवाय दाबोळी व मोपा अशा दोन विमानतळांमुळे उड्डाणापूर्वी ‘डिजिटल स्काय’चा नकाशा पाहणे अनिवार्य ठरते. चूक झाली तर कारवाईला तोंड चालकाला द्यावे लागते.

शिक्षणसंस्थांना यासाठी नवा विभाग उघडण्याची गरज नाही. शेवटच्या सत्रात प्रत्येक विद्यार्थ्याने एक खरा ग्राहक शोधावा, त्याला दरपत्रक द्यावे, करार करावा, काम पूर्ण करावे, देयक पाठवावे, रक्कम वसूल करावी आणि फाइली नीट जतन कराव्यात. छायाचित्रांइतकेच गुण या कागदांनाही असावेत. स्थानिक लेखापाल आणि वकील यांची दोन-दोन व्याख्याने त्याला पूरक ठरतील. असे झाले तर पदवीदानाच्या दिवशी विद्यार्थ्याकडे प्रमाणपत्राबरोबरच स्वतःच्या सहीचा एक करार आणि चुकते झालेले एक देयक असेल. पुढच्या ग्राहकाशी बोलताना त्याला उपयोग होईल तो या दोन कागदांचा.